घरची भाषा

सोलापूर,
९ एप्रिल २०२५

चि. शिवू,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी माझा राग ऐकून घे.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू "हां अक्का, हां अक्का" म्हणत एकीकडे कॉम्प्युटर बडवत असतोस आणि मी बोलून दमले की ठेवून देतोस. पत्राच्या मध्येच तुला असं हां हां करता येणार नाही. फोनवर आपण बहीणभाऊ कन्नडच बोलतो, पत्र मात्र तुला मराठीत लिहावं लागतं, कारण चौथीनंतर तू कन्नड अक्षराकडे वळून बघितलं नाहीस. असो, ते भांडण जुनं आहे. आज नवीन आहे.

आज शाळेच्या फळ्यावर नोटीस लागली. जूनपासून पहिलीचा कन्नड वर्ग भरणार नाही. कारण काय, तर शाळा चालवणाऱ्या मंडळाने पालकांची पाहणी केली आणि तीत कन्नड वर्गासाठी एकही मूल निघालं नाही. शून्य. शिवू, आमच्या शाळेमागच्या गल्लीत नळावरची भांडणं कन्नडमध्ये होतात. देवळातल्या बायकांच्या चहाड्या कन्नडमध्ये होतात. आणि तिथे शून्य?

मी तशीच सचिवांच्या खोलीत गेले. सुबोध सर माणूस वाईट नाहीत, पण छापलेल्या कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी कागद पुढे केला. खाली तुमच्या पुण्याच्या कंपनीचं नाव. मी विचारलं, हे कुणी केलंय? तर म्हणाले, "बाई, तुमच्या भावानंच बनवलंय की. तुम्हाला माहीत नाही?"

त्यांच्यासमोर मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी नवीन लागले होते तेव्हा तू त्याच वर्गात पहिलीला होतास. भर वर्गात "अक्का, शू" म्हणून ओरडायचास आणि हेडमास्तर मला बोलायचे. तो वर्ग तुझ्या प्रोग्रॅमने बंद केला.

गौरम्मा तुला आठवत असेल, आपल्या बोळाच्या तोंडाशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. तिची धाकटी सिद्धेश्वरी यंदा पहिलीत यायची आहे. पोरगी दिवसभर तोंड मिटत नाही. तिचा थोरला भाऊ, चन्नू, त्या वर्षी आमच्याकडे जागा नव्हती म्हणून मराठी पहिलीत बसला. दिवाळीपर्यंत तिथल्या बाईंना वाटत होतं की त्याला ऐकूच येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे पाठवला होता त्याला. कान चांगले होते, शिवू. बाई काय बोलतायत ते कळत नव्हतं एवढंच. आता सिद्धेश्वरीचंही तेच व्हायचं.

मला कारण कळव. गोड बोलून नको, खरं कारण.

देवयानीला आणि सईला आशीर्वाद. तुलाही, नाइलाजाने.

तुझी,
रत्नम्मा अक्का

*

पुणे,
१६ एप्रिल २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. पत्र वाचलं. देवयानीनेही वाचलं.

वर्ग बंद झाल्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मंडळाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा हे आपलंच मंडळ म्हणून मी ते मागून घेतलं होतं. त्याचं बक्षीस हे मिळेल असं वाटलं नव्हतं.

तुला खरं कारण हवंय, तर ऐक. मी वर्ग बंद केलेला नाही. मी एक प्रोग्रॅम लिहिला, तो मंडळाच्या सर्व्हरवर ठेवलेला आहे. एकदा लिहिला की तो तसाच राहतो. बाहेरून त्याला थोड्या गोष्टी कळवायच्या: शाळा कुठली, इयत्ता कुठली, माध्यम कुठलं. यांना आम्ही पॅरामीटर म्हणतो. सुबोध सर वेबपेजवर या गोष्टी निवडतात आणि बटण दाबतात. मग प्रोग्रॅम पालकांनी मोबाइलवर भरलेली माहिती चाळतो आणि आकडा परत पाठवतो. त्याला ना कन्नडचं प्रेम, ना राग. पिठाची गिरणी असते तसं आहे ते. ज्वारी टाकली तर ज्वारीचंच पीठ पडणार. गिरणीवाल्याशी भांडून गव्हाचं पडत नाही.

सरांनी कन्नड निवडलं आणि शून्य आलं, याचा अर्थ पालकांनी भरलेल्या माहितीत कन्नड नाही. तो प्रोग्रॅम आणखी बऱ्याच संस्था वापरतात, कुणाची तक्रार नाही. तुला वाईट वाटेल, पण लोकांनाच आता मराठी नाहीतर इंग्रजी हवं असेल. सगळीकडे तेच चाललंय. तू तीसेक वर्षं एका खोलीत शिकवतेस, तुला ते दिसत नसेल.

रागावू नकोस. निवृत्तीला काही वर्षंच उरलीत. मंडळ तुला मराठी वर्ग देईलच, तुझी नोकरी कुठे जात नाही.

सई तुझी आठवण काढते.

तुझा,
शिवयोगी

*

सोलापूर,
२२ एप्रिल २०२५

चि. शिवू,

माझ्या नोकरीचं मी तुला विचारलं होतं का? माझ्या पत्रात "नोकरी" हा शब्द कुठे आहे तो दाखव. नसलेला शब्द तू वाचलास आणि असलेलं पोर वाचलं नाहीस.

आणि लोकांना काय हवंय ते मला दिसत नाही म्हणतोस. मग ती माहिती भरली कशी गेली ते आता तुला सांगते.

मार्चमध्ये मंडळाने पालकांना सांगितलं की मोबाइलवर अर्ज भरा. आमच्या निम्म्या बायांचे फोन नवऱ्याच्या खिशात. उरलेल्यांच्या फोनवर ते पान उघडेना. म्हणून शाळा सुटल्यावर मी पायरीवर बसले आणि एकेकीला शेजारी बसवून माझ्याच फोनवरून अर्ज भरले. गौरम्मा भाकरीची टोपली बाजूला ठेवून बसली होती. सगळ्या बाया हौसेने आल्या. प्रत्येकीने पहिला प्रश्न तोच विचारला: कन्नड वर्ग राहील न्हवं? मी म्हटलं, त्यासाठीच भरतोय.

घाईने नाही भरलं मी. पहिल्याच पानावर भाषा निवडायला आली, तिथे मी मराठी घेतली, म्हणजे पुढचं सगळं त्यांनाही वाचता येईल. मग मुलाचं नाव, वय, पत्ता, फोन. प्रत्येकीकडून वाचून घेतलं, चुकलं ते दुरुस्त केलं. मला वाटत होतं की शेवटी माध्यमाचं विचारतील. नाही विचारलं. वाटलं, ते मंडळ स्वतः बोलावून विचारेल. एवढा मोठा निर्णय न विचारता कोण घेतो?

तुझ्या गिरणीचं म्हणतोस, तर गिरणीवाला डबा हातात घेताना विचारतो तरी, काय आणलंय म्हणून. तुझ्या गिरणीने विचारलंच नाही आणि पीठ मात्र पाडलं. ते कसं, हे मला सांग. तुझ्या शिक्षणाचा काही उपयोग असेल तर याला उत्तर दे.

मंडळाने सिद्धेश्वरीचं नाव मराठी पहिलीच्या यादीत टाकलंय. गौरम्मा काल आली होती. रडली वगैरे नाही, उलट माझ्यावरच भडकली. म्हणाली, "बाई, तुमी भरला होता की फॉर्म. मग असं कसं झालं?"

रत्नम्मा

*

पुणे,
३ मे २०२५

अक्का,

तुझं पत्र आल्यावर मी ती माहिती स्वतः उघडून बघितली. आता मीही रागावलोय, आणि थोडा तुझ्यावरही.

तुमच्या शाळेमागच्या गल्लीतले जवळजवळ सगळे अर्ज एकाच फोनवरून आलेत. तुझ्या. आणि प्रत्येकात भाषा मराठी आहे. अक्का, पहिल्या पानावर कन्नड होतं ना? मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही बटणं मी स्वतः बसवली होती. तू कन्नड शिकवतेस. कन्नड वर्ग वाचवायला म्हणून बसलीस आणि मराठी दाबत गेलीस? तुझ्या बोटाने प्रत्येक मूल मराठी वर्गात गेलं.

ते कसं झालं तेही सांगतो, लपवत नाही. सुरुवातीला अर्जात "घरी कोणती भाषा बोलता" असा वेगळा प्रश्न होता, आणि त्यावरूनच मुलाचं माध्यम ठरायचं. चाचणीच्या वेळी पालक अर्ज मध्येच सोडून द्यायला लागले. सुबोध सर म्हणाले प्रश्न कमी करा. तो प्रश्न काढला. पण आत ठेवलेल्या प्रोग्रॅमला भाषा लागतेच, ती मिळाली नाही तर तो चालत नाही. म्हणून माणूस पहिल्या पानावर जी भाषा निवडतो तीच घरची भाषा म्हणून आत पाठवायची असं मी ठरवलं. प्रश्न एक कमी, उत्तर मात्र मिळतं. पुण्यात तपासलं तेव्हा एकदाही चुकलं नव्हतं. मराठी घरातली माणसं मराठी दाबत होती, गुजराती घरातली इंग्रजी दाबत होती आणि त्यांची पोरंही इंग्रजीतच शिकत होती. सगळ्यांनी वाहवा केली.

आता काही करणं कठीण आहे. मंडळाच्या सभेने तो अहवाल मंजूर केलाय. आता मी "आकडा चुकला" म्हटलं तर कंपनीतल्या माझ्या वरिष्ठ पद्मजा मॅडम विचारणार, बाकीच्या संस्थांचे आकडे तरी बरोबर आहेत का? ते प्रकरण कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. पुढच्या वर्षी प्रश्न परत घालतो. एक वर्ष जाऊ दे.

तू कन्नड का दाबलं नाहीस, एवढंच मला कळत नाही.

शिवयोगी

*

सोलापूर,
८ मे २०२५

शिवू,

तुला कळत नाही? तुला?

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. तू या घरात वाढलास. अप्पा रोज सकाळी मराठी पेपर मोठ्याने वाचायचे आणि वाचून झाला की पुढाऱ्यांना शिव्या कन्नडमध्ये द्यायचे. अव्वा हिशोब मराठीत लिहायची आणि मोजायची कन्नडमध्ये. त्यांच्या हातात तुझा तो अर्ज दिला असता तर अप्पांनी कुठलं बटण दाबलं असतं? मराठीच. आणि तुझ्या प्रोग्रॅमने अप्पांना मराठी ठरवून टाकलं असतं. अप्पांना, शिवू. ज्यांना ताप चढला की मराठीचा एक शब्द आठवायचा नाही.

गौरम्मा आणि तिच्यासारख्या सगळ्या बाया शिकल्या त्या जेमतेम, आणि मराठी शाळेत. बसची पाटी, रेशनचं कार्ड, औषधाचं पाकीट, सगळं त्या मराठीत वाचतात. कन्नड त्यांच्या तोंडात आहे, डोळ्यांत नाही. मी कन्नड दाबून बघितलं होतं. इतकं पुस्तकी कन्नड होतं की मला दोनदा वाचावं लागलं, आणि बाया नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. आपल्या पोराबद्दल काय भरलं जातंय ते आईला स्वतः वाचता यायला नको? म्हणून मी मराठी घेतलं. मला विचारलं होतं की हे पान कशात वाचणार. त्याचं खरं उत्तर मी दिलं. घरी काय बोलता हे तू विचारलं नाहीस आणि माझ्या तोंडी घातलंस. आणि वर मलाच विचारतोस की बोट कुणाचं.

बोट माझं होतं, ते मी गौरम्माला परवाच जाऊन सांगितलं. ती म्हणाली की वाचायचं विचारून बोलायचं कसं लिहितात, पुण्याला असं चालतं का. आता याचं उत्तर तू दे.

"एक वर्ष जाऊ दे" हे तू कुठल्या हाताने लिहिलंस? तुझं एक वर्ष जाईल. सिद्धेश्वरीची पहिली जाईल. तिला पहिली एकदाच आहे. तिलाही कानाच्या डॉक्टरकडे नेऊ का? तुझ्या मॅडमना बाकीच्या संस्थांचं विचारायचं असेल तर विचारू देत. चुकलं असेल तर तिथेही कुणीतरी पोर मुकं बसलं असेल, आणि त्याची अक्का तुला पत्र लिहू शकत नाही एवढाच फरक.

मंडळाला स्वतःच्या सहीने कळव की निकाल चुकीचा आहे. मी सांगून उपयोग नाही. मी म्हटलं तर म्हणतील, बाईंना वर्ग हवा म्हणून ओरडतायत. तू म्हटलं पाहिजेस.

ते केल्याशिवाय मला पत्र नको, फोन नको, सईच्या वाढदिवसाचे फोटो नकोत. आणि माझं पुढचं पत्र कन्नडमध्ये असेल. आजवर तुझ्या सोयीसाठी मराठीत लिहीत आले. त्या सोयीचा अर्थ तू काय काढतोस ते आता बघितलं. वाचता आलं तर वाच.

रत्नम्मा

*

पुणे,
२७ मे २०२५

अक्का,

तू सांगितलंस म्हणून केलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. तुझ्या पत्रावर मी बरेच दिवस नुसता चिडलो होतो. देवयानीशी भांडलो. ती म्हणाली, अक्का चुकीचं काय बोलल्या तेवढं दाखव. मला दाखवता आलं नाही. मग आणखी चिडलो.

गेल्या आठवड्यात मंडळाला लिहून दिलं. निकाल चुकीचा आहे, कन्नड घरांची मुलं मराठीत मोजली गेलीत, आणि चूक पालकांची किंवा शिक्षकांची नसून वाचायची भाषा घरची म्हणून पाठवणाऱ्या माझ्या जोडणीची आहे. खाली माझी सही. पद्मजा मॅडमना आधी दाखवलं. त्या म्हणाल्या, कंपनीच्या नावाने जाऊ नये. म्हणून माझ्या नावाने गेलं. मंडळाचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. बाकीच्या संस्थांचे आकडे तपासायला माणूस बसवलाय, पण त्यात मी नाही.

काम जाण्यापूर्वी एक गोष्ट करून घेतली. आता वाचायची भाषा वेगळी जाते आणि घरची भाषा वेगळी. घरची भाषा भरली नसेल तर प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने काहीही धरत नाही. थांबतो आणि "विचारलेलं नाही" असं सांगतो. आधीच असं करायला हवं होतं.

सुबोध सर फोनवर माझ्यावर फार भडकले. छापलेला अहवाल चुकीचा निघाला म्हणजे त्यांना सभेपुढे तोंड दाखवायला जागा नाही, वगैरे. मीही आवाज चढवला. शेवटी म्हणाले, शाळा उघडण्याआधी पालकांना बोलावतो आणि समोरासमोर विचारतो, जे होईल ते होईल. जास्त काही वदवून घेता आलं नाही.

त्या दिवशी तू तिथे असशीलच. काय झालं ते कळव. कन्नडमध्ये लिहिलंस तरी चालेल.

शिवयोगी

*

पुणे,
२९ जून २०२५

प्रिय अक्का,

तुझं कन्नड पत्र येऊन पडलं तेव्हा आधी वाटलं, ऑफिसमधल्या बेंगळुरूच्या माणसाकडून वाचून घ्यावं. पाकीट बॅगेत टाकलंही होतं. मग लाज वाटली. आज अख्खा रविवार घेऊन स्वतः वाचलं. जोडाक्षरांपाशी थांबलो, दोन ठिकाणी अडलो, एक शब्द अजून लागलेला नाही. जे समजलं ते खाली लिहितो. चुकलं असेल तर सांग.

सुबोध सरांनी पालकांना हॉलमध्ये बसवलं आणि टेबलामागून मराठीत विचारलं की घरात कोणती भाषा बोलता. सगळे गप्प. सरांनी तुझ्याकडे असं बघितलं की बघा बाई, म्हटलं होतं ना. मग गौरम्मा उठली. तिचं बोलणं तू कन्नड अक्षरांत, पण जसंच्या तसं मराठी लिहिलंयस. ते मी मोठ्याने वाचलं तेव्हा देवयानी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"घरात कन्नडच बोलतो की साहेब. मराठी तुमच्यासंगट बोलतो, तुमाला कन्नड येत न्हाय म्हनून."

त्यानंतर एकेक बाई उठत गेली, आणि सरांना लिहून घ्यावं लागलं.

वर्ग भरला हे वाक्य मला पहिल्या झटक्यात वाचता आलं. सिद्धेश्वरी पहिल्या बाकावर बसते आणि तुला शिकवू देत नाही, तूच तिला गप्प बस म्हणून ओरडतेस, हेही समजलं. पण त्याखाली तू लिहिलंयस की मंडळाने हा वर्ग याच वर्षापुरता ठेवलाय, पुढच्या वर्षी परत मोजणार. ते मी तीनदा वाचलं, माझं कन्नड चुकतंय का म्हणून. चुकत नव्हतं.

पुढच्या वर्षी मोजतील तेव्हा त्या हॉलमध्ये मी येऊन बसेन. काम माझ्याकडे असो की नसो. बोलावलं नाही तरी.

शेवटच्या ओळीत "सिट्टु" हा शब्द दोनदा आहे. तुझा राग अजून गेलेला नाही, हे तो शब्द न वाचताही कळलं असतं. लहानपणी कन्नडमधला हाच शब्द तुझ्याकडून सगळ्यात जास्त ऐकलाय.

मी वाचत होतो तेव्हा सई शेजारी येऊन बसली. तिने विचारलं की बाबा, तुम्ही अक्षरांखाली बोट का फिरवताय? मी म्हटलं, तुझ्या आत्याने असंच शिकवलंय. मग तिने माझं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं आणि हे काय, ते काय, असं विचारत बसली. निम्म्याचं उत्तर मला देता आलं नाही. सुट्टीत तिला तुझ्याकडे पाठवतो. तेव्हा तिच्यावरही ओरड.

हे उत्तर मी मराठीतच लिहितोय, अक्का. वाचता येऊ लागलंय, लिहिता अजून येत नाही. पण त्यावरून माझ्या घरची भाषा ठरवू नकोस. मला विचार.

तुझा,
शिवू